कार्ड तेच, मग डबीत गेल्यावर भाव पाचपट का?

ऐरोलीला आयटीत नोकरी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा: "न्यू जर्सीतल्या मावसभावाने बास्केटबॉलची चार कार्डं आणून दिली. त्यातलं लुका डॉनचिच या खेळाडूचं २०१८ च्या प्रिझम मालिकेतलं कार्ड मी चार हजारांना विकलं. ऑफिसातल्या मित्राकडे हुबेहूब तेच कार्ड पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत होतं, ग्रेड १०, म्हणजे दहापैकी दहा. त्याला वीस हजार मिळाले. हे वरचे सोळा हजार कशाचे? या ग्रेडिंग कंपन्या भाव ठरवतात का? आणि उरलेली तीन (जॉर्डनचं १९९० चं हूप्स, झायन विल्यमसनचं २०१९ चं प्रिझम, लेब्रॉनचं २००३ चं टॉप्स) मी पाठवू का?"

आधी गेल्या पावसाळ्यातला एक सौदा सांगतो, हिशोब मग करू.

एका मुलाला माझ्याकडून दोन कार्डं हवी होती. कोपरखैरण्याहून ठाण्याला आला. तलावपाळीला टपरीच्या ताडपत्रीखाली आम्ही उभे राहिलो. एक कार्ड रॉ, म्हणजे ग्रेड न केलेलं, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत (स्लीव्ह) घालून कडक पाकिटात (टॉपलोडर) ठेवलेलं. दुसरं स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत. रॉ कार्डाने पाऊण तास खाल्ला. मुलाने मोबाइलचा टॉर्च लावला, कार्ड तिरकं धरून एकेक कोपरा तपासला. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यावर त्याला पांढरा ठिपका दिसला. मी म्हटलं, स्लीव्हवरची धूळ असेल. तो म्हणाला, स्लीव्ह काढून बघू का? मी म्हटलं, हात बघ तुझे, ओले आहेत. मग हात पुसणं, कार्ड काढणं, पुन्हा टॉर्च. ठिपका कोपऱ्याचाच निघाला. मला खरंच दिसला नव्हता, पण त्याला ते खरं वाटलं नसणार. पाचशे रुपये कमी केले, तेव्हा कुठे सौदा जमला. स्लॅबमधल्या कार्डाचं काय झालं? लेबलवरचा नंबर त्याने मोबाइलवर टाकला, कंपनीच्या साइटवरचा फोटो आणि हातातलं कार्ड ताडून पाहिलं आणि यूपीआय केलं. तेवढ्यात चहासुद्धा संपला नव्हता.

तुमचे सोळा हजार बरेचसे या पाऊण तासात आहेत. कार्डाची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा एखादी खोड धरूनच भाव सांगतो. हे समोरासमोर. ऑनलाइन सौद्यात तर चार फोटोंवर पैसे टाकायचे असतात, तेही अनोळखी माणसाला. त्यात अनुभवी गिऱ्हाईक आणखी एक पाऊल पुढचा विचार करतं: लुकासारख्या खेळाडूचं, सात-आठ वर्षं जुनं, हजारो लोकांनी ग्रेडिंगला पाठवलेलं कार्ड याच्याकडे अजून रॉ कसं? म्हणजे याने किंवा याच्या आधीच्या मालकाने भिंगाखाली धरून पाहिलं असणार, १० मिळणार नाही हे कळलं असणार आणि म्हणूनच ते विकायला काढलं असणार. तुमच्या बाबतीत हे खोटंही असेल, तुम्ही निव्वळ अजाणतेपणी विकलं असेल. पण त्या अजाणतेपणाचे पैसे कोणी देत नाही.

सोन्याचं उदाहरण घ्या. पूर्वी बांगडी ज्या सराफाकडून घेतली त्याच्याकडेच मोडायला न्यायची रीत होती, कारण दुसऱ्या पेढीवर घट धरत. आता गोखले रोडवरच्या कुठल्याही दुकानात ९१६ चा शिक्का आणि सहा अक्षरी एचयूआयडी दाखवला की ओळखपाळख लागत नाही. हॉलमार्क सक्तीचं झालं जून २०२१ पासून, पण त्यामागचं तत्त्व जुनंच आहे: ज्याला ना विकायचंय ना घ्यायचंय अशा तिसऱ्याने पाहून सांगितलेलं.

मात्र ही तुलना अर्ध्या वाटेवर सोडावी लागते. सोन्याचा कस यंत्रावर मोजता येतो. कार्डाचा ग्रेड हे शेवटी एका माणसाचं मत असतं, भिंग आणि प्रखर दिव्याखाली बनवलेलं. सगळी गंमत आणि सगळा वैताग तिथून सुरू होतो.

मी मूळचा नाण्यांचा माणूस, कार्डांकडे उशिरा वळलो. त्यामुळे हा खेळ मला ओळखीचा होता. अमेरिकेत पीसीजीएस या कंपनीने १९८६ मध्ये नाणी सीलबंद करून ग्रेड द्यायला सुरुवात केली आणि त्याच घरातून १९९१ मध्ये कार्डांसाठी पीएसए निघाली. तिने पहिलं ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं टी२०६ मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड. ग्रेड दिला ८. त्याच वर्षी ते लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेलं होतं, २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमाने आकडाच मिळत नाही. म्हणजे या धंद्याचं पहिलंवहिलं प्रमाणपत्रच चुकलेलं! आणि तरी धंदा बुडाला नाही. का, ते पुढे येईलच.

ग्रेडर बघतो काय? चार गोष्टी: मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग. यातला मध्य, म्हणजे सेंटरिंग, तुम्हाला घरी पट्टीने मोजता येतं. समजा डावीकडची चौकट २.२ मिलिमीटर आणि उजवीकडची १.८ भरली. बेरीज ४, म्हणजे ५५-४५. पीएसए १० साठी पुढच्या बाजूला पूर्वी ६०-४० पर्यंत चालायचं, २०२५ पासून ५५-४५ लागतं. म्हणजे तुमचं कार्ड काठावर पास. डावी २.३ आणि उजवी १.७ झाली की जवळपास ५८-४२, आणि १० गेला. एक दशांश मिलिमीटर! नखाने दाखवता येणार नाही एवढा फरक, आणि त्यावर भाव दुप्पट-तिप्पट इकडचा तिकडे. कोपऱ्यांसाठी कार्ड उलटं करा. समोरून गोंडस दिसणाऱ्या कार्डाचं सोंग गडद रंगाच्या पाठीवर उघडं पडतं, टोकाला पांढरं दिसतं. प्रिझमसारख्या चकचकीत कार्डांवर छपाईच्या रोलरची बारीक सरळ रेघ असते. ती समोरून दिसत नाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कार्डावरून हळूहळू सरकवा, मग दिसते. आणि ती कारखान्यातूनच आलेली असते, तुम्ही कितीही जपून ठेवलं असलं तरी.

आता ९ आणि १० मध्ये एवढी दरी का? डोळ्याला फरक जवळजवळ नसतो. पण १० म्हणजे वरची पायरीच नाही, आणि संग्राहकाला, खरं सांगायचं तर सट्टेबाजालाही, "याहून चांगलं निघणार नाही" हे वाक्य हवं असतं. त्यात पीएसएची सेट रजिस्ट्री आहे. लोक आपापल्या संचांची क्रमवारी लावून स्पर्धा करतात, आणि त्यात पीएसएचंच स्लॅब धरलं जातं. संच पुरा करायला शेवटचं कार्ड हवं असलेला माणूस काय भाव देईल सांगता येत नाही. जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं १९८६ चं कार्ड घ्या. पीएसए १० चे तीनशेहून जास्त नमुने आहेत, म्हणजे एकमेव वगैरे अजिबात नाही. तरी जानेवारी २०२१ मध्ये एका लिलावात ते ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. ९ ग्रेडचं कार्ड त्या भावाच्या जवळपासही नव्हतं. मग त्याच वर्षी १० चा भाव निम्म्याहून खाली आला. डबी तीच, लेबल तेच. कार्डाची स्थिती काय आहे हे ग्रेड सांगतो. उद्या मागणी राहील का, याची हमी तो देत नाही. त्या तेजीत गळ्यापर्यंत बुडालेले लोक मी ठाण्यातही पाहिलेत.

तेव्हा कंपन्या भाव ठरवतात का, तर थेट नाही. पण १० किती जणांना द्यायचे हे त्यांच्या हातात असतं, आणि कुठल्या ग्रेडची किती कार्डं दिली ते त्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये उघड करतात. ज्या कार्डाचे १० हजारोंनी आहेत त्याच्या ९ ला कोणी विचारत नाही, तो जवळपास रॉच्या भावात जातो. जुन्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कार्डांत उलट: तिथे ४-५ ग्रेडलाही मान असतो, कारण मुख्य प्रश्न असली-नकलीचा असतो. आणखी एक गोम. फी कार्डाच्या किमतीवर चालते. ग्रेड मिळाल्यावर किंमत तुम्ही निवडलेल्या फीच्या वर्गाच्या मर्यादेबाहेर गेली तर वरचे पैसे मागतात. परीक्षकाची फी विद्यार्थ्याच्या मार्कांवर ठरावी, तसा प्रकार. यात लबाडी आहेच असं मी म्हणत नाही, पण हे माहीत असावं.

कंपनीगणिकही भावात फरक पडतो. बेकेट ही दुसरी ग्रेडिंग कंपनी मागितलं तर चारही बाबींचे वेगळे गुण लेबलवर छापते. चारही १० असले तर काळं लेबल, आणि ते पीएसए १० पेक्षाही महाग जातं. पण तिच्या ९.५ ला सहसा पीएसए १० एवढा भाव येत नाही, जरी नाव दोघांचं 'जेम मिंट'च असलं. एसजीसी या आणखी एका कंपनीची काळ्या चौकटीची डबी जुन्या बेसबॉल कार्डांत मानाची. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स, एसजीसी ९.५, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मालकाने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलं होतं. तेव्हा पीएसएवाचून गती नाही असं नव्हे. पण नव्या बास्केटबॉल-फुटबॉल कार्डांत पीएसएकडे गिऱ्हाईकं जास्त, म्हणून भाव जास्त. ते जास्त काटेकोर आहेत म्हणून नव्हे. उद्या मी नौपाड्यात गाळा घेऊन, सगळ्यांपेक्षा कडक नजरेने ग्रेडिंग सुरू केलं, तर माझ्या १० ला काय मिळेल? माझ्या ओळखीचे पाच-सहा जण मान देतील. तुर्भ्याच्या पलीकडे ते लेबल म्हणजे नुसता स्टिकर. लेबल किती अनोळखी लोक डोळे झाकून मानतात, त्यावर त्याची किंमत. वॅग्नरच्या प्रकरणानंतरही पीएसए टिकली ती यामुळे. सगळे तिचं लेबल मानतात म्हणून मीही मानतो, आणि मी मानतो हे पुढच्याला ठाऊक असतं. शंभराच्या नोटेचं तरी वेगळं काय असतं?

आपल्याकडे क्रिकेटच्या कार्डांवर लोक "पॉप १" लिहून भाव सांगतात, ते ऐकून हुरळून जाऊ नका. पॉप १ म्हणजे आजवर एकाच कार्डाला तो ग्रेड मिळाला. पण पाठवणारेच चार असतील तर? कपाटांत शंभर पडलेली असतील. मी स्वतः क्रिकेट कार्डांचा शौकीन आहे, बबलगमबरोबर मिळणारे फोटो अजून डब्यात आहेत. पण विकायला काढलं की गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

आता हिशोब. तुमचेच आकडे घेतो, म्हणजे रॉ चार हजार, १० ला वीस हजार, ९ चे सात आणि ८ चे चार हजार धरू. ग्रेडिंग फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, कस्टम्स मिळून कार्डामागे चार हजार. विक्रीच्या साइटचा कट १३ टक्के. अशी चार कार्डं पाठवलीत आणि एक १०, दोन ९, एक ८ आलं, तर विक्री ३८ हजार. कट वजा जाता ३३ हजार ६०. खर्च १६ हजार वजा जाता हातात १७ हजार ६०. चारही रॉ ओळखीत विकली असती तरी १६ हजार मिळाले असते. म्हणजे कित्येक महिने पैसे अडकवून वरकड हजार रुपये. एकही १० आलं नाही, तीन ९ आणि एक ८ आलं, तर हातात ५ हजार ७५०. दहा हजारांना खड्डा. तुमच्या मित्राचे वीस हजार दिसले, पण त्याने किती कार्डं पाठवून किती १० मिळवले ते विचारलंत का? लॉटरी लागलेल्याचीच पेढे वाटण्याची पद्धत असते.

खड्डा म्हटलं म्हणून माझाही सांगतो. एका प्रदर्शनात एका टेबलावर मला रॉ कार्ड मिळालं, कडा सुरीसारख्या, कोपरे टोकदार. १० नक्की, म्हणून लगेच पाठवलं. चार महिन्यांनी परत आलं ते नुसतंच, डबीशिवाय, सोबत शेरा: कडा कापल्याची चिन्हं. फी गेली ती गेलीच. मग घरी व्हर्नियर लावला. कार्डाची उंची साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर हवी, ही ८८.१ भरली. पाठवण्याआधी दोन मिनिटं मोजलं असतं तर! कडा जास्तच चांगल्या दिसल्या तेव्हाच शंका यायला हवी होती, पण हावरट माणसाला शंका येत नाही. तेव्हापासून व्हर्नियर माझ्या पिशवीत असतो.

स्लॅबच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. बनावट डब्या निघतात, आणि खऱ्या कार्डाचा नंबर खोट्या लेबलवर छापलेला असतो. म्हणून नंबर टाकून साइटवर नोंद सापडली की थांबू नका. साइटवरच्या फोटोतली चौकट आणि हातातल्या कार्डाची चौकट डावी-उजवी जुळते का ते बघा. सेंटरिंग प्रत्येक कार्डाचं थोडं वेगळं असतं, तेच त्याचे बोटांचे ठसे समजा.

ठाण्याच्या हवेबद्दल एक वाक्य: जून ते सप्टेंबर चकचकीत कार्डं दमटपणाने धनुष्यासारखी वाकतात, तेव्हा पाठवायची असतील ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. स्लॅब म्हणजे हवाबंद बरणी नव्हे, त्यामुळे स्लॅबलाही हाच नियम.

तुमची तीन कार्डं. जॉर्डनचं १९९० चं हूप्स पाठवू नका. त्या काळात कार्डं इतकी छापली गेली की अमेरिकेत घरोघरी खोकी भरून पडली आहेत. १० मिळालं तरी ग्रेडिंगचा खर्च निघेल न निघेल. टेबलावर ठेवा, छान दिसतं. झायनचं प्रिझम तेजीच्या काळात हजारोंनी पाठवलं गेलंय आणि तो स्वतः दुखापतींमुळे आजवर जवळपास निम्मा वेळ बाहेर राहिला. ट्यूबलाइटखाली रेघ नाही, पट्टीवर ५५-४५ च्या आत, पाठीच्या चारही कोपऱ्यांवर पांढरा ठिपका नाही, असं तिन्ही असेल तरच विचार करा, नाहीतर रॉ विकून मोकळे व्हा.

लेब्रॉनचं २००३ चं टॉप्स मात्र पाठवा. ते त्याचं रूकी कार्ड, म्हणजे पहिल्या हंगामातलं, ९ लाही गिऱ्हाईक असतं, आणि त्याच्या रूकी कार्डांच्या नकला इतक्या फिरतात की नुसतं "असली आहे" एवढं लेबलवर आलं तरी पैसे वसूल. पण ऐरोलीहून पाठवू नका. इथून गेलेलं कार्ड परत येताना कागदपत्रं नीट नसली तर कस्टम्सवाले तुमच्याच वस्तूवर ड्युटी लावतात आणि ते सोडवायला दोन चकरा होतात. मावसभाऊ पुढच्या वेळी आला की त्याच्याबरोबर द्या, तो तिथूनच पाठवेल. टॉपलोडरमध्ये देऊ नका, ग्रेडिंगवाल्यांना मऊ, लवचीक कार्ड सेव्हर लागतो. आधी पेनी स्लीव्ह (तीच पातळ पिशवी), मग कार्ड सेव्हर. देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि आठही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. फॉर्मवर किंमत भरताना फी वाचवायला कमी लिहू नका. वाटेत गहाळ झालं तर भरपाई त्या लिहिलेल्या आकड्यानेच मिळते.